तारीख सोडून सगळं फायनल

जाहिरात क्लायंटला आवडली नाही की ती परत येते. किस्सा परत जात नाही. तो ऑफिसातच मुक्काम ठोकतो, चहाच्या प्रत्येक फेरीला थोडा वाढतो आणि नव्या इंटर्नला पहिल्याच दिवशी ऐकवला जातो. आमच्या एजन्सीनं इतक्या वर्षांत केलेल्या जाहिराती उन्हात विटून गेल्या, काही शेळ्यांच्या गोठ्यांवर ताडपत्री म्हणून गेल्या. किस्से मात्र जसेच्या तसे शाबूत आहेत!

आमची एजन्सी म्हणजे सोलापुरात होटगी रोडला टायरच्या दुकानावरचा एक मजला. मी इथं जाहिरातींचा मजकूर लिहितो. मालक मला 'कवी' म्हणतात. या धंद्यात एवढा अपमान चालतो. मालक म्हणजे अण्णा. मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कन्नड, धंद्यात मराठी आणि रागावले की दोन्ही.

दर उन्हाळ्यात आमच्याकडे ग्राफिक डिझाइनचे इंटर्न येतात. त्यांच्यासाठी अण्णांचा एकच नियम आहे. कॉलेजात मार्क किती पडले, वेळेवर येतो का, रंगांची जाण आहे का, यातलं काही अण्णा बघत नाहीत. ज्या दिवशी एखादा क्लायंट स्वतःहून त्या इंटर्नचं नाव घेईल आणि म्हणेल, "आमचं काम ह्याच्याकडंच द्या," त्या दिवशी तो कायम! दिवाळीपर्यंत कुणीच नाव घेतलं नाही, तर सर्टिफिकेट, मिठाईचा पुडा आणि राम राम.

"आपण पोरांना पास-नापास करणारे कोण? बाजार करतो," असं अण्णा म्हणतात. वाक्य ऐकायला छान आहे. इंटर्न मात्र ते ऐकून दिवाळीपर्यंतचे दिवस मोजायला लागतो.

यंदा दोघं होते. ओंकार अकलूजचा, ऊसवाल्याचा मुलगा, बोलका आणि लाघवी. सृजना सोलापूरचीच, पूर्व भागातली. घरात तेलुगू, वडील टॉवेलच्या कारखान्यात. तिचं बोलणं कमी, पण हात असा सुरेख की तिनं नुसती चौकट आखली तरी बघत राहावंसं वाटायचं.

ओंकार कायम झाला नसता तर पुण्याला गेला असता, तेही आनंदानं. सृजनाचं तसं नव्हतं. तिला वडिलांनी दिवाळीपर्यंतची मुभा दिली होती. नोकरी पक्की झाली तर सोलापुरात राहायचं, नाहीतर भिवंडीला काकांकडे जायचं, त्यांच्या कारखान्यात बसून तयार माल मोजायला. घरात तसं ठरलं होतं. पहिल्या आठवड्यात तिनं मला हे सांगितलं, तेसुद्धा मी खोदून विचारलं म्हणून.

"दादा, मला माल मोजायला नाही आवडत," एवढंच म्हणाली आणि स्क्रीनकडे वळली.

*

ओंकारचं आधी सांगून टाकतो, कारण त्याचं फार लवकर आटोपलं.

त्याला पहिलंच काम मिळालं ते ठिबक सिंचनाचं. डीलर माळशिरस तालुक्यातले, सगळे त्यांना ठिबककाका म्हणतात. ओंकार कॉलेजातून ताजा ताजा आलेला. त्यानं पोस्टर केलं: सगळा कागद पांढराशुभ्र, मधोमध पाण्याचा एकच थेंब, आणि खाली कोपऱ्यात मुंगीएवढं दुकानाचं नाव. आम्हा सगळ्यांना ते आवडलं. अण्णांनासुद्धा आवडलं, म्हणून तर आम्हाला काळजी वाटली.

ठिबककाका आले. पोस्टर हातात धरलं, लांब धरलं, उलटं करून पाठीमागं काही आहे का तेही पाहिलं.

"ह्ये एवढं रान पडीक का ठिवलंय?"

ओंकार म्हणाला, "काका, ती व्हाइट स्पेस आहे. बघणाऱ्याची नजर थेट थेंबावर जावी म्हणून."

"नजर जाईल रं. पण पडीक ठिवलं की तण माजतंय. आन् शेजारचा बांध कोरतोय!"

डिझाइन कॉलेजात यावर उत्तर शिकवत नाहीत. पण ओंकार पडला ऊसवाल्याच्या घरातला. त्याला मुद्दा एकदम पटला. दुपारपर्यंत त्यानं पोस्टरवर पाइप आणला, फिल्टर आणला, डाळिंब, ऊस, केळी, ट्रॅक्टर, ठिबककाका आणि ठिबककाकांचे वडील हेही आणले. मग प्रिंट पुढं करून म्हणाला, "घ्या काका, बांधापर्यंत पेरलंय!"

काकांनी त्याच्या पाठीत अशी थाप मारली की तो टेबलावर आदळला. "नाव काय रं तुजं?"

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन. "आमचं सगळं काम त्या ओंकारकडं द्या." झालं! श्रावण लागायच्या आत ओंकार कायम. अण्णांनी पेढे मागवले. पोस्टर आमच्या भिंतीवर लावलं आहे. थेंब त्यात कुठंतरी असेलच.

*

आमच्याकडे वाढदिवसाच्या फ्लेक्सचं एक शास्त्र आहे. सगळ्यात वर गोलांमध्ये साहेब लोक. मधे वाढदिवसवाला, डोळ्यावर गॉगल, कानाला मोबाइल, म्हणजे वाढदिवसादिवशीसुद्धा तो लोकांचीच कामं करतोय असं दिसावं. आणि खाली रांगेत शुभेच्छुक, नुसती मुंडकी. यात कुणाचं मुंडकं केवढं, हा सगळ्यात नाजूक विषय. त्यावरनं मंडळं फुटलेली मी पाहिली आहेत.

एका तरुण मंडळाचा असा फ्लेक्स सृजनाकडे आला, पण तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं कॉलेजात शिकवलं तसं सगळ्या शुभेच्छुकांची डोकी एका मापाची केली. रांग इतकी देखणी झाली की बस!

संध्याकाळी मंडळाची पोरं आली. त्यातला एक पुढं झाला. "मॅडम, सगळी डोकी सारखीच केली की तुमी. मग अध्यक्ष कुठला, वळखायचा कसा?"

सृजनानं निमूटपणे अध्यक्षांचं डोकं मोठं केलं, उपाध्यक्षांचं त्याहून जरा कमी, खजिनदारांचं त्याहून कमी. पोरं गेली. थोड्या वेळानं परत आली.

"मॅडम, ह्यो शेवटचा सदस्य हाय नुसता. ह्येचं डोकं उपाध्यक्षापेक्षा मोठं का दिसाय लागलंय?"

सृजनानं मापाची पट्टी लावून दाखवली. चौकटी बरोबर होत्या. सदस्याची चौकट सगळ्यात लहान होती. सगळ्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. मग मागं जिन्याजवळ तो सदस्य स्वतः उभा होता, त्याच्याकडे पाहिलं. मग पुन्हा स्क्रीनकडे.

पुढचा पोरगा हळू आवाजात म्हणाला, "न्हाय मॅडम, बरोबर हाय. त्येचं हायच मोठं."

आता काय करायचं? डोकं आणखी बारीक केलं तर तो लहान मुलासारखा दिसायला लागला. बराच वेळ खल झाला. शेवटी सृजना, जी दिवसात दोन वाक्यं बोलायची, ती म्हणाली, "मग यांनाच उपाध्यक्ष करा की."

पोरं बाहेर गेली. जिन्यात बैठक झाली. आणि केलं! गडी आजही उपाध्यक्ष आहे आणि कामाला चांगला आहे म्हणतात.

पुढच्याच महिन्यात मंडळातल्या दुसऱ्या एकाचा वाढदिवस आला, तेव्हा त्याच मंडळाचा फोन आला. अण्णांनी उचलला. "आमचं काम त्या डोकीवाल्या मॅडमकडं द्या!"

मी टाळी वाजवली. अण्णा म्हणाले, "नाव कुठं घेतलं?"

*

भाकरीचा किस्सा अण्णांना आवडत नाही, म्हणून तो आम्ही त्यांच्यासमोर सांगतो.

महादेवीअक्का अक्कलकोट तालुक्यातल्या. गावातल्या बायकांना घेऊन ज्वारीची कडक भाकरी करतात आणि पुड्यात भरून विकतात. नव्या पुड्यावर भाकरीचा फोटो हवा होता. अक्कांनी एक चळत पाठवून दिली, सोबत शेंगाचटणीचा डबा. कॅमेरेवाला आला, दिवे लावायला लागला. दिवे लावायला त्याला वेळ लागतो. तेवढ्या वेळात अण्णांनी एक भाकरी "कडक आहे का बघू" म्हणून मोडली. मग "चटणीबरोबर कशी लागते बघू" म्हणून दुसरी. मग कुणीतरी दही आणलं, आणि तिथून पुढं बघणं संपलं, जेवण सुरू झालं. मीही होतो. दिवे लागले तेव्हा ताटात अर्धी भाकरी उरली होती!

सृजनानं त्या अर्ध्या भाकरीचा फोटो घेतला. कॉम्प्युटरवर उरलेली अर्धी स्वतः थापली. कडा जुळवल्या, फोड आणले, पापुद्रा जिथं सुटायला हवा तिथं सोडला. दिवसभर बसली होती. भाकरी अशी झाली की स्क्रीनवरनं उचलून खावी.

अक्का आल्या. पुडा हातात घेऊन खूप वेळ बघत राहिल्या. चोरी सापडली असं आम्हाला वाटलं. अक्का म्हणाल्या, "इतकी गोल भाकरी आमच्यात कुनालाच येत न्हाई."

अण्णा चाचरत म्हणाले, "अक्का, आवडली नसेल तर फोटो बदलून…"

"फोटो कशाला बदलताव? बायका बदलतील! आमी सांगतो त्यास्नी, आशी करा."

आणि खरंच त्या फोटोची मोठी प्रिंट घेऊन गेल्या, भाकरीच्या शेडमध्ये चुलीसमोरच्या भिंतीवर लावली. कुणाची भाकरी वाकडी झाली की अक्का तिकडं बोट दाखवतात म्हणे. पोटात अर्धी आणि भिंतीवर आख्खी, अशी ती एकच भाकरी असेल!

जाता जाता अक्का अण्णांना म्हणाल्या, "तुमच्या हाताला गुन हाय बघा." अण्णांनी हात जोडले, पण नाही म्हटलं नाही. क्लायंटचं मन मोडू नये, हेही त्यांचं एक तत्त्व आहे. सृजना शेजारीच उभी होती. मला त्या वेळी अण्णांचा राग आला, तो मी आजवर गिळलेला नाही.

*

जुळे सोलापुरात एका बिल्डरची नवी इमारत होत होती. होर्डिंगवर आनंदी जोडपं हवं. इंटरनेटवरून विकत घेतलेलं जोडपं फारच परदेशी दिसत होतं. बिल्डर म्हणाला, "ही मानसं हितं पान्याची टाकी भरायला उठतील असं वाटत न्हाय." अण्णा म्हणाले, "मग आपलीच पोरं उभी करा."

ओंकारला झब्बा घातला, सृजनाला साडी. मला वडील केलं, हातात पेपर देऊन खुर्चीत बसवलं. केस पांढरे करायला पावडर आणली होती, ती लागली नाही. ओळ मी लिहिली होती: 'दोघांचं स्वप्न, एक घर.' होर्डिंग लागलं. केवढं? दोन मजल्यांएवढं. आणि मग ऑफिसात कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला की या होर्डिंगवर पूर्व भागातल्या घरची बिनलग्नाची मुलगी अकलूजच्या पोराच्या खांद्याला खांदा लावून उभी आहे, आणि ही गोष्ट तिच्या घरी कुणी विचारलेलीच नाही!

सृजनाला विचारलं. ती म्हणाली, "बाबा त्या बाजूला जात नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा जिना चढून वर आले. खांद्यावर टॉवेल, चेहऱ्यावर काही नाही. ओंकारचा पेनड्राइव्ह नेमका त्याच क्षणी टेबलाखाली पडला, आणि तो शोधायला गेलेला ओंकार बराच वेळ वर आला नाही. अण्णांनी खुर्ची दिली. चहा मागवला. मी मनात एक भाषण जुळवून ठेवलं: कलाक्षेत्र, काळ बदलला, आम्हाला ती मुलीसारखीच, वगैरे.

बाबांनी चहा घेतला. भिंतीवर होर्डिंगची लहान प्रिंट होती, तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. बराच वेळ बघितलं.

"ही गॅलरी पूर्वेला आहे का, सर?"

अण्णा म्हणाले, "नाही, पश्चिमेला."

"मग संध्याकाळी तापणार," असं म्हणून त्यांनी पिशवीतून डबा काढून सृजनाच्या टेबलावर ठेवला. "विसरून आली होतीस." दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "काकांचा फोन आला होता. दिवाळीनंतर कधी येते विचारत होते."

टेबलाखालून ओंकार बाहेर आला. पेनड्राइव्ह त्याच्या खिशातच होता.

*

नवरात्र झालं. दिवाळी जवळ यायला लागली. सृजनाचं काम सगळीकडे लागत होतं आणि तिचं नाव कुणाच्या तोंडात येत नव्हतं. एका टॉवेलवाल्या शेठनी ओंकारला फोन करून सांगितलं, "तू क्येलेलं ते क्याटलॉग लई भारी झालं!" ओंकार सरळ मनाचा. म्हणाला, "शेठ, ते माझं नाही, सृजनाचं आहे." शेठ म्हणाले, "आसूं दे, आसूं दे. पुढचं बी तूच कर."

मला राहवेना. मी आमच्या दाजींना गळ घातली. दाजी बँकेत आहेत आणि मोकळे असले की कशालाही तयार होतात. त्यांनी कापड दुकानदार म्हणून अण्णांना फोन करायचा आणि सृजनाचं नाव घ्यायचं, एवढंच काम. शनिवारी सुट्टी बघून त्यांनी फोन केला. अण्णांनी स्पीकरवर टाकला.

"नमस्कार! आमच्या दुकानाची जाहिरात करायची आहे. सृजना मॅडमकडंच द्या बरं का!"

माझं काळीज सुपाएवढं झालं. अण्णा म्हणाले, "देऊ की. दुकानाचं नाव?"

दाजी "दुकानाचं… दुकानाचं…" करत राहिले. नाव ठरवायचं राहून गेलं होतं. तेवढ्यात फोनमधून कुकरची शिट्टी आली, आणि पाठोपाठ माझ्या बहिणीचा आवाज: "अहो, भाजी आणायला जाताय की नाही?"

अण्णांनी फोन ठेवला. माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "दाजींना म्हणावं, आधी भाजी आणा. दुकान नंतर काढू."

सृजनाला यातलं कळलं. संध्याकाळी निघताना ती माझ्या टेबलापाशी थांबली आणि म्हणाली, "दादा, राहू द्या आता." मला फार वाईट वाटलं.

*

आणि मग तात्या आले.

दिवाळी अगदी तोंडावर होती. ऑफिसात सगळीकडे आकाशकंदील, पणत्या आणि 'भव्य सेल'. सृजनाची बॅग भरून तयार होती. अशात एक म्हातारा कठडा धरत जिना चढून आला. पांढरी टोपी, पायजमा, हातात कापडी पिशवी. अकलूजकडच्या श्रीपूरचा. उभं आयुष्य साखर कारखान्यात गेलेलं.

"श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायचा हाय."

ओंकारनं लगेच चेहरा पाडला. ते त्याला चांगलं जमतं. खुर्ची दिली, पाणी आणलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "कधी वारले, तात्या?"

"कोन?"

"ज्यांचा फ्लेक्स करायचाय ते."

"त्ये मीच हाय की."

ओंकारनं तात्यांसाठी आणलेलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं!

तात्यांची तक्रार रास्त होती. त्यांचे थोरले भाऊ गेले तेव्हा पोरांनी गडबडीत एका लग्नातला फोटो कापून फ्लेक्स केला. "दादाच्या खांद्यावर कुनाचा तरी हात तसाच ऱ्हायला. बांगड्या भरल्याला! फ्लेक्स लागला एसटी स्टँडवर. लोकं दादाला बघंनात, हात बघाय लागली. कुनाचा, कुनाचा. वैनी त्या फोटोकडं आजून बघत न्हाईत. माजं आसं व्हायला नगं. मी हाय तवर माज्या डोळ्यादेखत करून ठिवा."

अण्णांना पटेना. सणासुदीला असलं काम! ओंकार तर हात वर करून मोकळा झाला. "अण्णा, मला नको. जितं माणूस समोर बसलंय आणि मी फोटोला हार घालू?"

सृजनानं खुर्ची ओढली. "या तात्या, इकडं बसा."

तिनं कुठल्याही क्लायंटला विचारावं तसं विचारायला सुरुवात केली. फोटो टोपीचा की बिनटोपीचा? हार झेंडूचा की मोगऱ्याचा? मागं रंग कुठला? आमच्याकडे फ्लेक्सवर प्रत्येकाला दोन छटा उजळ करायची पद्धत आहे, मेलेल्यालासुद्धा. तिनं विचारलं, "तात्या, चेहरा उजळ करू का?"

"नगं गं बाय. वर गेल्यावर वळखाय पायजे."

मजकूर माझा होता. तात्यांनी तो मोठ्यानं वाचायला लावला. 'आपल्या जाण्याने घरात न भरून येणारी पोकळी निर्माण झाली' इथं त्यांनी थांबवलं. "कसली पोकळी? धाकट्याला ती खोली कवापास्नं पायजे हाय. दुसऱ्या दिशी भरंल!" मी ते वाक्य काढून टाकलं.

त्यानंतर ते एसटीनं पुन्हा पुन्हा आले. शोकाकुलांची नावं काही ठरेनात. "त्या पुतन्याला काढ. रानाला कालव्याचं पानी घ्यायची माजी पाळी मारली त्येनं." सृजनानं काढलं. परत आले. "घाल त्येला. पाय धरून गेला काल." सृजनानं घातलं. जावयाला एकदा वरून खाली नेलं, एकदा खालून वर आणलं. ती एकदाही वैतागली नाही. दोघं तासन् तास स्क्रीनसमोर बसायची. मधे मधे हसायचीसुद्धा. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर इतकं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं.

"आता फायनल ना, तात्या?"

"मी हाय तवर कसलं फायनल?"

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मात्र ते खरंच खूश झाले. स्वतःचा हार घातलेला फोटो त्यांनी जवळून पाहिला, लांबून पाहिला, टोपी नीट आहे म्हणाले. सगळं झालं. खाली फक्त तारखेची जागा मोकळी होती.

अण्णा पुढं आले. त्यांना हे प्रकरण दिवाळीच्या आत ऑफिसातून घालवायचं होतं. "तात्या, फाइल देतो तुम्हाला. वेळ आली की मुलं तारीख घालून छापून घेतील. तेवढं कुणालाही जमतं."

"कुनालाबी न्हाय. तारीख ह्या पोरीनंच घालायची."

"अहो, ती दिवाळीनंतर इथं नसणार."

"कुटं जानार?"

"भिवंडीला. तिच्या काकांकडे."

तात्यांनी सृजनाकडे पाहिलं. ती कीबोर्डकडे बघत होती. त्यांनी पिशवी पुन्हा मांडीवर घेतली आणि अण्णांना विचारलं, "मंग मी काय दिवाळीच्या आत मरू व्हय?"

अण्णांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. "तात्या, हिचं नाव ठाऊक आहे का तुम्हाला?"

"सृजना. आपलं एवढं काम दिलं, तिचं नाव म्हाईत नसंल व्हय? ह्ये काम सृजनाकडंच ऱ्हाऊ द्या. कवाबी लागंल."

अण्णा स्वतःशीच कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले. मग म्हणाले, "सृजना, घरी फोन कर. भिवंडीला येत नाही म्हणावं."

ती रडायला लागली. मी रुमाल शोधायला लागलो. ओंकार तर मोठ्यानं हुंदके द्यायला लागला, त्याचा काही संबंध नसताना.

तात्या वैतागले. "आरं रडताय काय सगळी? आजून हाय की मी!"

दिवाळी झाली आणि थंडी पडली. एका सकाळी सृजनाचे वडील जिना चढून वर आले. चहा नको म्हणाले. पिशवीतून एक नवीकोरी लोकरीची कानटोपी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"ते तात्या येतात ना, सर, त्यांना द्या. श्रीपूरला कालव्याची थंडी असते. आणि म्हणावं, सकाळी लवकर रानात जाऊ नका."